मुक्तीनंतरचा पहिला पावसाळा

गुलामांची मुक्तता झाली, वेठबिगारीची प्रथा रद्द झाली, ही विधाने इतिहासग्रंथांत एकेका ओळीत मावतात. ज्यांच्या आयुष्यात ती घडून येतात त्यांना मात्र त्या ओळीपुढचा सारा संसार नव्याने मांडावा लागतो. मालकाचे अंगण सुटलेले असते, पण स्वतःचे छप्पर अजून उभे राहिलेले नसते. मालकाकडून मिळणारे पसाभर धान्य बंद झालेले असते, पण स्वतःच्या शेतातले पीक घरात आलेले नसते. या मधल्या काळात ते कुटुंब कसा तग धरते, यावर त्याची मुक्ती टिकणार की नाही हे पुष्कळसे अवलंबून असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांपुढे हा प्रश्न १८६५ साली उभा राहिला. छत्तीसगडातील कमियांच्या कुटुंबांपुढे तो त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी उभा राहिला. दोन्हीकडचा अनुभव शेजारी ठेवून पाहिला, तर मुक्ती या शब्दाचा व्यवहारातील अर्थ अधिक स्पष्ट होतो.

मराठी श्रोत्यांना छत्तीसगड अगदीच परके नाही. अठराव्या शतकात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला आणि बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून त्याचा कारभार पाहिला. १८१८ साली कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास आले, १८६२ साली छत्तीसगड विभागाचे मुख्यालय तेथेच झाले, आणि १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर ही स्वतंत्र छत्तीसगड राज्याची राजधानी आहे. महानदीच्या खोऱ्यातील हा मुलूख ‘धानाचा कटोरा’ म्हणून प्रसिद्ध आहे. रायपूर, धमतरी, भाटापारा येथील भातगिरण्यांतून निघालेला तांदूळ दूरदूरच्या प्रांतांत जातो. तरीही भाताची कापणी आटोपली की याच मुलखातील हजारो कुटुंबे डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन रायपूर आणि बिलासपूरच्या स्थानकांवर गोळा होतात आणि उत्तरेकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. भाताच्या कोठारात राहणाऱ्या माणसाला भातासाठी परमुलखात का जावे लागते, हे समजण्यासाठी तेथील जुन्या गावगाड्यात डोकवावे लागेल.

कमिया म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेला शेतगडी. विदर्भातील सालदाराशी असलेले त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानी येईल. अक्षय्य तृतीयेला छत्तीसगडात ‘अक्ती’ म्हणतात. शेतीचे नवे वर्ष त्या दिवशी सुरू होते आणि गड्यांच्या बोलीही त्याच सुमारास ठरतात. सौंजिया हा कमियाहून थोडा वरच्या पायरीवरचा. त्याला रोख वेतनाऐवजी पिकाचा चौथा हिस्सा मिळे. बोली ठरताना मालक काही धान्य किंवा रक्कम आगाऊ देई. पुढे आषाढ लागला, घरातील कोठी रिकामी झाली, की त्याच मालकाकडून पुन्हा धान्य उसने आणावे लागे. या उसनवारीला तिकडे ‘बाढी’ म्हणतात. सवाईने घेतले तर चार पायल्यांच्या पाच द्यावयाच्या आणि दिढीने घेतले तर चारांच्या सहा. नवे धान खळ्यावर येई तेव्हा आधी मालकाचे माप भरले जाई आणि मागे जे उरे ते माघ-फाल्गुनापर्यंतही पुरत नसे. एखादे वर्ष पावसाने ओढ दिली, की बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढे. मग गडी नोकरीसाठी राहिला आहे की कर्जासाठी, हे त्याचे त्यालाही सांगता येत नसे.

या व्यवहारात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कर्ज एका पुरुषाच्या नावावर असे, परंतु त्याने बांधले जाई सारे कुटुंब. गडी नांगरामागे, त्याची बायको मालकाच्या गोठ्यात आणि मुलगा गुरांमागे. आणि गडी थकला म्हणजे तोच मुलगा नांगरामागे. महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये ‘लग्नगडी’ ही प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनाही त्याच्या घरी राबावे लागे. १९४५ साली वारल्यांनी या प्रथेविरुद्ध जो उठाव केला त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे. संसार मांडण्याच्या क्षणीच जो गहाण पडत होता, त्या संसाराची सोडवणूक एका पुरुषाला मोकळे सोडून कशी होणार, हा खरा विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

आता अमेरिकेकडे वळू. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले होते. आपल्याकडील शूद्रातिशूद्रांची दशा आणि तेथील गुलामांची दशा यांचे नाते त्यांनी इतक्या लवकर ओळखले, ही मराठी विचाराच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे. जोतीरावांनी ज्या मुक्तीचे स्वागत केले, तिच्यानंतर तेथे काय घडले, ते पाहू.

१८६० च्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ३९ लाखांहून अधिक गुलाम होते. उत्तर आणि दक्षिण यांच्यातील यादवी युद्ध संपण्याच्या बेतात असताना, १२ जानेवारी १८६५ रोजी, जॉर्जियातील सव्हाना या शहरी जनरल शेरमन यांनी तेथील वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना आणि पुढाऱ्यांना भेटीस बोलावले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझियर नावाचे ६७ वर्षांचे वृद्ध गृहस्थ बोलले. आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःची आणि पत्नीची सुटका विकत घेतली होती. तुमच्या लोकांची सोय उत्तम प्रकारे कशी लागेल, असे विचारल्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की आम्हांला जमीन मिळावी आणि ती स्वतःच्या कष्टाने कसून आम्ही आमच्या पायांवर उभे राहावे. त्यानंतर चारच दिवसांनी शेरमन यांनी हुकूम काढून समुद्रकाठच्या पट्ट्यातील जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत देण्याचे ठरविले. जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसे त्या जमिनीवर वसली. त्यांनी घरे बांधली आणि पेरणीही केली.

परंतु राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या हत्येनंतर त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी जुन्या जमीनमालकांना माफी देऊन त्यांच्या जमिनी परत करण्याचे धोरण स्वीकारले. मुक्त गुलामांच्या साहाय्यासाठी मार्च १८६५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड यांच्यावरच ही बातमी सांगण्याचा प्रसंग आला. ऑक्टोबरात दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर जाऊन त्यांनी तेथील लोकांना जमीन सोडण्यास सांगितले. ज्यांनी नुकतेच पहिले पीक स्वतःच्या नावाने काढले होते, त्या लोकांनी अर्ज-विनंत्या केल्या. पण बहुतेकांच्या हातून जमीन गेली. मग जानेवारी उजाडला की मालकाशी वर्षाचा करार करावयाचा, बियाणे, बैल आणि खाणे त्याच्याकडून किंवा दुकानदाराकडून उधार घ्यावयाचे, आणि पीक आल्यावर निम्मा वाटा देऊन वर उधारीही फेडावयाची, असा क्रम सुरू झाला. छत्तीसगडातील सौंजियाची आणि बाढीची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला हे सारे ओळखीचे वाटेल. तिकडच्या जानेवारीचे काम इकडे अक्ती करीत होती, एवढाच काय तो फरक.

तरीही त्या कुटुंबांनी हातपाय गाळले नाहीत. जॉर्जियातील बॅरो नावाच्या एका मळ्याचे १८६० आणि १८८१ या दोन साली मळा कसा दिसत होता हे दाखविणारे नकाशे उपलब्ध आहेत. पहिल्यात गुलामांच्या झोपड्या मालकाच्या वाड्याजवळ एका ओळीत दाटीने उभ्या आहेत, म्हणजे कोण केव्हा उठला आणि कामावर गेला हे सहज दिसावे. दुसऱ्यात त्याच झोपड्या साऱ्या मळ्यावर विखुरल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाचे घर त्याने कसावयास घेतलेल्या तुकड्यावर आहे, आणि मध्ये एक प्रार्थनामंदिर व एक शाळा उभी राहिली आहे. जमीन अजून मालकाचीच होती. पण चूल कोठे पेटवावयाची, बायकोने शेतात किती वेळ राबावयाचे, मुलाने गुरांमागे जावे की शाळेत, हे ठरविण्याचा थोडातरी अधिकार घरात आला होता.

हा अधिकार किती कष्टाने मिळे, हे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बालपणावरून कळते. ते जन्माने गुलाम. १८६५ साली मुक्त झाल्यावर त्यांच्या आईने मुलांसह वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन हे गाव गाठले. तेथे त्यांचे सावत्र वडील मिठाच्या भट्टीवर कामाला होते. लहानग्या बुकरलाही त्याच भट्टीवर लावण्यात आले. वडिलांच्या पिंपांवर १८ हा आकडा घालीत असत. त्या मुलाने वाचावयास शिकलेला पहिला आकडा तोच. गावात शाळा निघाली तेव्हा त्याच्या मजुरीवाचून घर चालेना, म्हणून पहाटेपासून नऊ वाजेपर्यंत काम आणि मग शाळा अशी तडजोड झाली. शाळेत गुरुजींनी पूर्ण नाव विचारले, तेव्हा त्याने ‘वॉशिंग्टन’ हे आडनाव स्वतःच निवडून सांगितले. पुढे १८८१ साली त्यांनी टस्कीगी येथील संस्थेचा कारभार हाती घेतला. १८७० साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सुमारे ऐंशी निरक्षर होते. १९१० साली हे प्रमाण शेकडा तीसवर आले, आणि स्वतःच्या मालकीची शेती असलेल्यांची संख्या दोन लाखांवर गेली. आश्वासन मोडले असताना त्यांनी एवढे मिळविले. ते पाळले गेले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच करावी.

आपल्या देशात कायद्याची वाट निराळ्या क्रमाने गेली. १८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी गुलामीचे हक्क मान्य करावयाचे नाहीत असे ठरले, आणि १८६० च्या दंडसंहितेत माणसांची खरेदी-विक्री हा गुन्हा झाला. कर्जापोटी राबणे मात्र त्यात सापडले नाही, कारण कागदावर तो दोघांच्या राजीखुशीचा करार होता. १९५० साली राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बेगार आणि सक्तीची मजुरी निषिद्ध ठरविली. ऑक्टोबर १९७५ मध्ये अध्यादेश निघाला आणि १९७६ साली संसदेने वेठबिगारी पद्धती नष्ट करणारा कायदा संमत केला. प्रांतोप्रांतीच्या ज्या प्रथा या कायद्याने रद्द झाल्या त्यांची यादीच त्यात दिलेली आहे. हरवाही, बारमासिया, जीता, सागडी, वेट्टी यांच्या पंक्तीला तेथे ‘कमिया’ हेही नाव आहे.

हा कायदा लक्षपूर्वक वाचला तर तो करणाऱ्यांना मुक्तीनंतरच्या संसाराची जाणीव होती हे दिसून येते. त्याने वेठीचे कर्ज रद्द केले. ज्या झोपडीत मजूर वेठीचा भाग म्हणून राहत होता, तिच्यातून त्याला घालवून देता येणार नाही असे सांगितले. कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला. आणि अकराव्या कलमात जिल्हाधिकाऱ्याचे कर्तव्य नेमके सांगितले, की मुक्त मजुराच्या आर्थिक हिताचे रक्षण अशा रीतीने करावे, की पुन्हा तसे कर्ज काढण्याचा प्रसंगच त्याच्यावर येऊ नये. गॅरिसन फ्रेझियर यांनी जे सांगितले होते, त्याचाच हा कायद्याच्या भाषेतील अनुवाद म्हणता येईल.

कलम लिहिणे आणि ते अमलात आणणे यांमधील अंतर एका प्रकरणाने उघड केले. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशात होते. दिल्लीजवळच्या फरिदाबाद येथील दगडखाणींत राबणाऱ्या बिलासपूर जिल्ह्यातील सुमारे १३५ मजुरांची १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटका झाली आणि पुनर्वसनाचे आश्वासन देऊन त्यांना आपापल्या गावी पोहोचविण्यात आले. काही महिन्यांनी ‘स्टेट्समन’ या दैनिकाच्या वार्ताहर नीरजा चौधरी त्यांच्यापैकी काहींच्या मुंगेली तहसिलातील गावांत जाऊन आल्या. त्यांना आढळले, की आश्वासन दिलेले साहाय्य मजुरांना मिळालेले नाही आणि ते उपासमारीच्या काठावर दिवस काढीत आहेत. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. ८ मे १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला. मजुरांना शोधून मुक्त करणे एवढ्याने काम संपत नाही. मुक्तीनंतर पुनर्वसन झाले नाही तर दारिद्र्य आणि असहायता त्यांना पुन्हा त्याच दास्यात ढकलील, असा त्या निर्णयाचा सारांश आहे. या १३५ मजुरांना साहाय्य देण्याचा आदेश न्यायालयाने राज्य सरकारला दिला, आणि दक्षता समित्यांच्या कामात सामाजिक संघटनांना सामील करून घ्यावे असेही सुचविले.

त्या मजुरांच्या वाटेकडे पाहावे. खाणीतून ते सुटले आणि गावी आले. पण ज्या गावी परतले, तेथील कोठी रिकामी होती म्हणूनच तर ते खाणीवर गेले होते. परतल्यावर मधे पावसाळा आला. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत मजुरी मिळते. तिच्या आधी आणि नंतर हाताला काम नसते, आणि नवे धान घरी येण्यास अश्विन-कार्तिक उजाडावा लागतो. या चार महिन्यांत ज्या घराला बाढी काढावी लागली नाही, ते घर मोकळे झाले असे म्हणावे. ज्याला काढावी लागली, ते सुटकेचा दाखला पेटीत जपून ठेवून पुन्हा बांधले गेले. सुटलेल्या कुटुंबाची खरी परीक्षा मुक्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात होते, ती अशी.

या दृष्टीने सरकारी साहाय्याकडे पाहिले पाहिजे. १९७८ पासून प्रत्येक मुक्त मजुरामागे ४,००० रुपये देण्याची योजना केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या वाट्याने चालू झाली. ही रक्कम क्रमाक्रमाने वाढून २००० साली २०,००० झाली. २०१६ साली योजनेची नवी मांडणी होऊन प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया आणि मुले यांस दोन लाख, आणि अत्यंत निर्घृण शोषणाच्या प्रकरणी तीन लाख रुपये अशी तरतूद झाली. परंतु या रकमेचा मोठा भाग खटल्याच्या निकालाशी जोडलेला राहिला. तातडीचे साहाय्य तेवढे लगेच देण्याजोगे ठेवण्यात आले आणि २०२२ साली त्याची मर्यादा ३०,००० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. खटला आपल्या गतीने चालतो, आषाढ मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांत हाती पडणारी थोडी रक्कम ही पुढे केव्हातरी मिळणाऱ्या मोठ्या रकमेइतकीच मोलाची असते.

धान्याची गोष्टही तशीच. छत्तीसगड सरकारने २०१२ साली अन्नसुरक्षेचा कायदा केला. संसदेचा कायदा त्याच्या पुढल्या वर्षी झाला. गरीब कुटुंबाला दरमहा अल्प दराने तांदूळ मिळू लागला, की आषाढातील बाढीची गरज तेवढ्यापुरती कमी होते. वेठबिगारीचे नावही ज्या कायद्यात नाही, तो कायदा वेठबिगारीच्या मुळाशी असलेल्या रिकाम्या कोठीवर उपाय करतो. महाराष्ट्रात १९७७ साली संमत झालेल्या रोजगार हमीच्या कायद्याचे आणि २००५ साली संसदेने केलेल्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्याचे मोलही याच मापाने मोजावे. गावातच काम मिळाले, तर दलालाने पुढे केलेली रक्कम नाकारण्याचे बळ माणसाच्या अंगी येते.

दलालाची ही रक्कम म्हणजे जुन्या कर्जाचा नवा अवतार. अक्तीला ठरणारी बोली आता पुष्कळदा दिवाळीच्या आधीच वीटभट्टीच्या दलालाशी ठरते. महाराष्ट्रातील ऊसतोडीत जिला ‘उचल’ म्हणतात, तिचेच हे भावंड. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. वीटभट्टीवरही मजुरी हजार विटांमागे मोजतात आणि त्या विटा सारे कुटुंब मिळून पाडते. आई चिखल मळते, वडील साचा मारतात, मुले विटा उलटवून वाळत घालतात. हिशेबाच्या वहीत नाव मात्र बहुधा एकाचेच. सुटकेच्या वेळी वहीतील या एकाच नावावर दाखला निघाला, तर बाकीच्यांचे श्रम आणि हक्क जमेस धरलेच जात नाहीत. म्हणून स्त्रीच्या नावाचा स्वतंत्र दाखला, तिच्या नावाचे बँकेतील खाते, मुलांचा शाळेतील प्रवेश आणि घराखालच्या जागेचा पट्टा या चार गोष्टी मुक्तीच्या कागदाबरोबरच हाती पडल्या पाहिजेत. बॅरोच्या मळ्यावरील विखुरलेल्या घरांच्या मध्ये शाळा दिसते, ती उगीच नव्हे.

या सर्वांतून जो बोध निघतो तो साधा आहे. अमेरिकेत जमीन दिली आणि वर्ष पुरे होण्याच्या आत काढून घेतली, त्याची किंमत पुढील कित्येक पिढ्यांनी मोजली. आपल्याकडे कर्ज रद्द झाले. परंतु कर्जाचे कारण जेथे जेथे शिल्लक राहिले तेथे ते निराळ्या नावाने पुन्हा उगवले. किती माणसांची सुटका झाली याचा आकडा शासनाने ठेवावाच. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा. सुटकेनंतरच्या श्रावणात त्या घराची चूल उधारीवाचून पेटत होती काय, त्या घरची मुलगी शाळेच्या पटावर होती काय, आणि पुढच्या हंगामात ते कुटुंब परमुलखात गेलेच असेल तर आगाऊ रक्कम न घेता, स्वतःच्या मर्जीने गेले काय, हे त्या रकान्यात लिहिले जावे. मुंगेलीकडील गावांत जाऊन एका वार्ताहराने जे पाहिले, ते पाहण्यास कोणत्याही विशेष अधिकाराची जरूर नव्हती. सुटकेच्या बातमीनंतर काही महिन्यांनी त्या दारात पुन्हा जाण्याची तेवढी जरूर होती.